टाप नव्याने उगवेपर्यंत

घोड्याच्या टापेत, बोटाच्या शेवटच्या पेराच्या जागी, टापेच्याच आकाराचे एक छोटे हाड असते. हे हाड तळव्यावर बसलेले नसते, टापेच्या कडक भिंतीला आतून टांगलेले असते. हाडावरच्या जिवंत कातडीला आणि भिंतीच्या आतल्या अंगाला पातळ पापुद्र्यांच्या उभ्या रांगा असतात. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तसे हे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात. एका टापेत साडेपाचशे ते सहाशे मुख्य पापुद्रे आणि त्यांतल्या प्रत्येकावर दीडशे-दोनशे सूक्ष्म पापुद्रे असतात. घोड्याचा सगळा भार याच गुंतवळीवर तोलला जातो. तिची पकड सैल होते त्या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात.

पकड सुटली की दोन ओढी हाडाला जागेवरून हलवतात. वरून शरीराचे वजन दाबत असते आणि मागून पायाची जाड शीर हाडाची मागची बाजू वर खेचत असते. हाडाचे पुढचे टोक खाली, तळव्याच्या दिशेने झुकते. काही घोड्यांत हाड न झुकता अख्खेच्या अख्खे खाली खचते, आणि ते जास्त वाईट. पहिल्या दोन-तीन दिवसांत आजार आटोक्यात आला तर हाड जागेवर राहू शकते. एकदा ते हलले की आजार जुनाट झाला असे धरायचे. त्यानंतर औषधाने हाड परत वर सरकत नाही. उरतो एकच मार्ग: टापेची नवी भिंत हाडाला घट्ट चिकटून वरून खाली उगवू द्यायची आणि ती खाली पोचेपर्यंत तिला सांभाळायचे. भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. टाचेकडचा भाग चार-पाच महिन्यांत नवा होतो, पुढच्या टोकाला नऊ महिन्यांपासून वर्ष लागते. जुनाट लॅमिनायटिसची सगळी निगा या वर्षभराच्या हिशेबाने करावी लागते.

अहिल्यानगर जिल्ह्यात घोडी आजही कामाची आहेत. पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड या भागांतले धनगर मेंढ्यांचे कळप घेऊन निघतात तेव्हा बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोकरे आणि लहान पोरे घोड्यांच्या पाठीवर असतात. ही बुटकी, काटक घोडी भीमथडी जातीची. पुणे, सोलापूर, सातारा आणि नगर हा तिचा पट्टा, आणि कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. शहरात आणि मोठ्या गावांत वरातीसाठी पाळलेली मारवाडी, काठियावाडी घोडी दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली, तेव्हापासून शर्यतीच्या घाटात बैलांच्या पुढे धावणाऱ्या घोड्यांनाही पुन्हा मोल आले.

या तिन्ही प्रकारच्या घोड्यांत लॅमिनायटिसचा धोका सारखा नसतो. धनगरांच्या कळपाबरोबर मैलोन्‌मैल चालणारे, माळावरचे वाळके गवत ओरबाडून जगणारे घोडे सहसा या आजारापासून दूर राहते. तेच घोडे विकले गेले, पत्र्याच्या शेडमध्ये बांधले गेले आणि त्याला रोज हरभरा, भरडा, गुळाचा खडा मिळू लागला की चित्र पालटते. थोडक्यात निभावून नेणाऱ्या काटक घोड्यांचे शरीर मिळेल तो घास साठवून ठेवते. दुष्काळात त्यांना तारणारा हाच गुण भरल्या गव्हाणीसमोर त्यांच्या पायांवर येतो. मानेवर चरबीचा टणक उंचवटा, भरलेल्या बरगड्या, शेपटीच्या मुळाशी मऊ गोळे, हे सगळे बाजारात देखणेपण म्हणून खपते. वास्तविक तो धोक्याचा इशारा आहे, आणि घोड्याच्या कौतुकापोटी तो नजरेआड होतो याचे वाईट वाटते.

आजाराची कारणे अनेक असली तरी घरगुती घोड्यांत सर्वांत मोठे कारण रक्तातल्या इन्सुलिनचे आहे. साखर आणि पिष्ट जास्त गेले की लठ्ठ घोड्यात इन्सुलिन चढते आणि चढलेलेच राहते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी 2007 मध्ये दाखवून दिले की धडधाकट तट्टांच्या रक्तातही इन्सुलिन सलग दोन-तीन दिवस चढते ठेवले तर त्यांना लॅमिनायटिस होतो. म्हातारपणी, बहुधा पंधरा वर्षांनंतर, मेंदूतल्या एका ग्रंथीच्या बिघाडानेही असेच घडते. अशा घोड्याच्या अंगावरचे लांब केस उन्हाळा आला तरी झडत नाहीत. दुसरे कारण पोटाचे. सुटलेल्या घोड्याने ज्वारी-बाजरीच्या किंवा गव्हाच्या पोत्यात तोंड घातले की न पचलेले पिष्ट आतड्यात आंबते, विषारी घटक रक्तात उतरतात आणि एक-दोन दिवसांत टापा तापतात. व्यालेल्या घोडीची जार तीन तासांत पडली नाही तरी हीच भीती असते. म्हणून सकाळपर्यंत वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. एक पाय जायबंदी झाला की चांगल्या पायावर सगळा भार येऊन त्या पायाला हा आजार होतो. 2006 ची केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारो या अमेरिकी घोड्याचा त्याच वर्षी शर्यतीत मागचा पाय मोडला. हाड जुळत आले होते, पण दुसऱ्या पायांत लॅमिनायटिस शिरला आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले. स्टिरॉइडची इंजेक्शनेही काही घोड्यांत आजार उसळवतात, तेव्हा खाजेवर किंवा सुजेवर ती टोचून घेण्याआधी जुना आजार डॉक्टरांच्या कानावर घालावा.

जुनाट आजाराची टाप ओळखता येते. भिंतीवर आडव्या वळ्या असतात. निरोगी टापेवरही त्या दिसतात, पण एकमेकींना समांतर. लॅमिनायटिसमध्ये पुढे दाटीने असलेल्या वळ्या टाचेकडे जाताना फाकतात, कारण टाच भराभर वाढते आणि पुढचे टोक रखडते. पुढची भिंत सरळ न राहता खोलगट होते, टोक वर वळते. तळवा वाटीसारखा आत असायला हवा, तो सपाट होतो किंवा बाहेर फुगतो. टाप उचलून पाहिले तर भिंत आणि तळवा यांच्या सांध्यावरची पांढरी रेषा पुढच्या बाजूला रुंदावलेली असते आणि तिच्यात जुन्या रक्ताचे तांबूस डाग असतात. घोडे खडीवर पाय चोरते, वळताना अडखळते, उभे असताना पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेते. टाचेच्या वर, गाठीच्या मागे दोन बोटे ठेवली की नाडी लागते. निरोगी घोड्यात ती शोधावी लागते, आजार उसळला की बोटांखाली ठोके मारते.

वेदनेची प्रतवारी स्वीडनचे निल्स ओबेल यांनी 1948 मध्ये केली आणि डॉक्टर आजही तीच वापरतात. पहिल्या पायरीवर घोडे उभ्या उभ्या सारखे पाय बदलते. दुसऱ्यावर चालते, पण आखडून. तिसऱ्यावर चालायला नाखूश असते आणि पाय उचलू देत नाही. चौथ्यावर जागचे हलतच नाही. मालकाने ही पायरी रोज वहीत मांडून ठेवली तर डॉक्टरांना पुढचे ठरवणे फार सोपे जाते.

टाप कापायला घेण्यापूर्वी बाजूने काढलेला एक्स-रे हवा. हाड किती झुकले आणि तळव्याची जाडी किती उरली, हे बाहेरून नेमके कळत नाही. निरोगी घोड्यात हाडाच्या टोकाखाली साधारण 15 मिलिमीटर तळवा असतो. तो 10 च्या खाली गेला असेल तर प्रत्येक मिलिमीटर मोलाचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात घोड्याच्या पायाचा एक्स-रे निघेलच असे नाही. सहज नेता येण्याजोगे यंत्र बाळगणारे खासगी डॉक्टर किंवा शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय यांच्याकडे चौकशी करावी. लंगडणाऱ्या घोड्याला टेम्पोत चढवून लांब नेण्यापेक्षा यंत्र गोठ्यात आणणे केव्हाही बरे. चित्र काढताना टापेच्या पुढच्या भिंतीवर, केस संपतात तिथून खाली, तारेचा सरळ तुकडा चिकटपट्टीने लावतात. मग चित्रात भिंत आणि हाड यांच्यातला कोन स्पष्ट दिसतो आणि नालबंदाला कुठे कापायचे हे दाखवता येते.

नगर भागात नालबंदाचे काम बैलांमुळे टिकून आहे. ऊसतोडीच्या गाड्यांच्या बैलांना पत्र्या माराव्या लागतात आणि तेच हात घोड्यालाही नाल मारतात. या कारागिरांची हातोटी वादातीत आहे. मात्र निरोगी टापेसाठी जी सवय बरोबर, ती इथे घात करू शकते. रिवाज असा की तळवा सुरीने खरवडून साफ, पांढरा करायचा आणि नाल तापवून नीट बसवायचा. लॅमिनायटिसच्या घोड्याचा तळवा मुळातच पातळ असतो. पुढच्या भागाचा तळवा मुळीच खरवडू नये, तिथली मळकट जाड पापडीसुद्धा राहू द्यावी. हाड आणि जमीन यांच्यामध्ये तेवढाच आडोसा उरलेला असतो.

कापायचे असते दोन ठिकाणी. पहिली जागा टाच. पुढे वाढ रखडते आणि मागे टाच उंच होत जाते, त्यामुळे हाडाचे टोक आणखी खाली झुकते. टाच हळूहळू उतरवली की हाड जमिनीशी पुन्हा समांतर होऊ लागते. पण एकाच बैठकीत खूप उतरवली तर मागच्या शिरेवर ताण येतो आणि घोडे दुसऱ्या दिवशी जास्त लंगडते. अशा वेळी टाचेखाली जाड पाचर ठेवून ती बैठकीगणिक कमी करतात. दुसरी जागा टापेचे पुढचे टोक. लांब वाढलेले टोक पाऊल उचलताना तरफेचे काम करते आणि दर पावलाला नव्याने जुळू पाहणारी पकड उचकटते. म्हणून वरून, भिंतीच्या पुढच्या अंगाने कानस चालवून टोक मागे घ्यायचे आणि कड गोलसर करायची, म्हणजे पाऊल सहज उलटते. वरच्या केसांच्या कडेपासून दोन-तीन बोटे खाली उगवलेली नवी भिंत ज्या तिरपेपणाने येत असते, तोच तिरपेपणा खाली जमिनीपर्यंत नेला तर टोक कुठे असायला हवे ते कळते. नवी भिंतच पुढच्या कापणीचे माप देते. खालच्या रुंद पांढऱ्या रेषेतला मऊ, पोकळ भाग भिंतीबरोबर थोडा थोडा जातो. सगळा एकदम कोरून काढण्याची घाई करू नये.

या कापणीची तऱ्हाही वेगळी. घोड्याला तीन पायांवर उभे राहणे असह्य होते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले वेदनाशामक आधी द्यावे. उरलेल्या पायांखाली जाड फोमची गादी किंवा वाळूचा थर असावा. पाय धरणाऱ्या माणसाने तो उंच ओढू नये, नालबंदाने खाली बसून जमिनीलगतच काम करावे. मिनिटभर काम, मग पाय खाली, मग पुन्हा. घोड्याने पाय हिसकला तर तो अडेलपणा नसतो, दुसऱ्या पायात कळ गेलेली असते. ही बैठक दर चार ते सहा आठवड्यांनी झालीच पाहिजे. पैसे वाचवायला तीन महिन्यांनी नालबंद बोलावला तर तोवर टोक पुन्हा लांबते आणि मधल्या काळात कमावलेली पकड वाया जाते.

नाल मारायचा की नाही, हे टापेच्या स्थितीवर ठरते. आजार उसळलेला असताना खिळे ठोकणे म्हणजे दुखऱ्या भिंतीवर हातोडा. त्या काळात साधा नाल काढून टापेखाली दाट फोमचा तुकडा कापून रुंद चिकटपट्टीने बांधणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. फोम दबला की दुसरा बांधायचा. पुढे टापेचे बूट किंवा गादीसकट नाल वापरता येतात. खिळ्यांऐवजी चिकटवायचे नाल घोड्यांच्या शर्यतीच्या तबेल्यांत दिसतात, गावाकडे क्वचितच. नगरच्या नालबंदाला सहज जमेल असा एक प्रकार म्हणजे उलटा मारलेला नाल. त्याचा उघडा भाग पुढे येतो, त्यामुळे टोकावर दाब राहत नाही आणि टाचेला आधार मिळतो. तळव्यातल्या त्रिकोणी मऊ गादीला आधार देणारी पट्टी जोडलेले नाल उपयोगी असतात, पण पट्टी जरा जास्त दाबली तरी नुकसान करते. एक्स-रे न पाहता ते बसवू नयेत.

उभे राहायची जागा हाही उपचाराचाच भाग. शहाबादी फरशी किंवा काँक्रीटवर असे घोडे उभे करणे क्रूरपणाचे आहे. सहा-आठ इंच वाळू किंवा सॉमिलचा भुसा पसरला तर टापेचा तळ भरून निघतो आणि घोडे आडवे पडून विसावा घेते, जे त्याला हवेच असते. वाळूवर चारा टाकू नये. चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाऊन पोटशूळ होतो. उसाचे चिपाड अंथरायला फुकट मिळत असले तरी घोडे ते चघळते, म्हणून टाळावे.

वर्षभरात टापेत पू होण्याचे प्रसंग येतातच. ताणल्या गेलेल्या पापुद्र्यांत मेलेले ऊतक साचते, पांढऱ्या रेषेतून घाण शिरते आणि काल बरे चालणारे घोडे आज एक पाय टेकवत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात हे जास्त होते. पुवाला वाट डॉक्टरांनी किंवा त्यांच्या देखरेखीखाली नालबंदाने करून द्यावी, भोक लहान असावे आणि शक्यतो पांढऱ्या रेषेतून, तळव्यातून नव्हे. मग कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून शेक, कोरडी पट्टी आणि वरून जाड आच्छादन. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, त्यामुळे लस चालू आहे का हे आधी पाहावे. वेदनाशामकांच्या बाबतीत एक गोष्ट पक्की: डायक्लोफिनॅक जनावराला देऊ नये. गिधाडांच्या मरणाचे कारण ठरल्यामुळे 2006 पासून भारतात त्याच्या पशुवापरावर बंदी आहे. घोड्याला चालणारी औषधेही जास्त दिवस दिली तर पोटात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा करतात.

टाप कितीही नीट कापली, तरी इन्सुलिन चढलेले असेल तर नवी भिंतही सैल पकडीनेच उगवते. या जिल्ह्यात हे सांगणे अगत्याचे आहे, कारण सहकारी साखर कारखानदारीची सुरुवातच इथे, प्रवरानगरला झाली आणि गळीत हंगामात उसाचे वाढे सगळ्यांच्या दारात पडतात. गाई-म्हशींना ते चालतात. वाढ्यांबरोबर रसाळ कांडीही येते, आणि लॅमिनायटिसच्या घोड्याला ती विषासारखीच. ऊस, गूळ, मळी मिसळलेले खुराक, हरभरा, मका, भरडा, चपात्या, देवाचा पेढा, सगळे बंद. वरातीत लोक प्रेमाने घोडीच्या तोंडात गोड घालतात, त्यांना हात जोडून नाही म्हणावे. हिरवा घास, म्हणजे लसूणघास, प्रथिनांना चांगला असला तरी लठ्ठ घोड्याला मूठभरच.

मुख्य खाणे म्हणजे पिकून वाळलेले डोंगरी गवत. ते वजनाच्या दीड टक्का द्यावे. काटा नसेल तर शिवणकामाच्या फितीने वजन काढता येते: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचे आणि 11,900 ने भागायचे. घेर 140 आणि लांबी 130 असेल तर वजन साधारण 214 किलो येते, म्हणजे दिवसाला सव्वातीन किलो वाळले गवत. गवतातली साखर कमी करायला ते तासभर गार पाण्यात भिजवावे आणि पाणी घोड्याचे तोंड पोचणार नाही तिथे ओतून द्यावे. ज्वारीच्या कडब्याची ताटे गोड असतात, तेव्हा दुसरे काही नसेल तरच कडबा द्यावा, तोही भिजवून. उपाशी मात्र ठेवू नये. लठ्ठ तट्टू एकदम उपाशी राहिले तर चरबी रक्तात उतरते आणि ते जिवावर बेतते. भिजवताना खनिजे निघून जातात, म्हणून जस्त आणि तांबे असलेले खनिज मिश्रण रोज द्यावे. बायोटिन दिवसाला 15 ते 20 मिलिग्रॅम दिले तर शिंगासारख्या भिंतीचा दर्जा सुधारतो, पण त्याचा परिणाम दिसायला सहा-नऊ महिने लागतात.

चरायला सोडण्याच्या वेळा ऋतूप्रमाणे ठरतात. पहिल्या पावसानंतर माळ हिरवा होतो तेव्हा घोडे आसुसलेले असते आणि कोवळ्या पाल्यात साखर भरपूर असते. त्या दिवसांत तोंडाला जाळी बांधावी किंवा बांधूनच ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा लख्ख ऊन असले की पाण्याखालच्या हिरव्या चाऱ्यात साखर साचून राहते. या काळातले आजार केवळ थंडीने पाय आखडले म्हणून दुर्लक्षित राहतात.

प्रगती मोजायची साधी रीत आहे. महिन्यातून एकदा, मोबाइल जमिनीवर ठेवून, त्याच अंतरावरून टापेचा बाजूने फोटो काढावा आणि केसांच्या कडेपासून जुन्या वळीपर्यंतचे अंतर वहीत लिहावे. वळी खाली सरकत गेली आणि तिच्या वरची भिंत सरळ, गुळगुळीत उगवली तर उपचार लागू पडतो आहे. नवी वळी उठली तर दोन-तीन आठवड्यांपूर्वी काय खाल्ले, काय टोचले याचा शोध घ्यावा. तळव्याची जाडी वाढली का, हे तीन-चार महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढून पाहावे. घोडे मऊ जमिनीवर आपणहून चालू लागेपर्यंत त्याला व्यायामाची सक्ती करू नये.

काही घोड्यांत हाड तळवा फोडून बाहेर येते, वेदना औषधाला जुमानत नाही आणि ते दिवसभर आडवेच पडून राहते. तेव्हा पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देणे हाच दयेचा निर्णय असतो, आणि तो लांबवण्यात घोड्याचे काहीच भले नसते. जी सावरतात त्यांनाही दर सहा आठवड्यांची कापणी आणि साखरेचे पथ्य जन्मभर राहते. मऊ मातीवर हलके काम ती करू शकतात. डांबरी रस्त्यावर नाचवणे आणि घाटात धावणे कायमचे सुटले. आजारी, अपंग जनावराला कामाला जुंपणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

नवे घोडे घेणाऱ्यालाही या आजाराची खूण ठाऊक हवी. सारंगखेड्याच्या किंवा माळेगावच्या यात्रेत सौदा करताना रंग, भोवरे आणि चाल पाहिली जाते, टाप उचलून क्वचितच पाहतात. फाकलेल्या वळ्या कानस मारून आणि तेल चोळून लपवता येतात. रुंदावलेली पांढरी रेषा आणि सपाट तळवा लपत नाहीत. पैसे हाती देण्याआधी चारही टापा उचलून, सुरीने चिखल काढून ही रेषा पाहावी आणि घोडे खडीवरून चालवून मग गोल वळवावे.